महाविषाणूने ग्रासलेली पेशी तासागणिक कशी वाचावी

महाविषाणूने ग्रासलेल्या पेशीविषयी ‘ती जगली की मेली’ एवढेच विचारले, तर तिच्यात घडणाऱ्या बहुतेक गोष्टी नजरेतून निसटतात. संसर्ग झाल्यापासून फुटेपर्यंतच्या काळात त्या पेशीचा ऊर्जाव्यवहार चालू असतो आणि तिचे रायबोसोम प्रथिनेही बनवत असतात; फक्त कोणती प्रथिने बनवायची याचा हुकूम दुसऱ्याच जनुकसंचाकडून सुटत असतो. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो की कोणत्या घटकेला, कोणत्या पेशीत, कोणाची जनुके चालू आहेत. हा प्रश्न हाताशी धरून प्रसिद्ध सूक्ष्मदर्शक-चित्रे आणि आलेख कसे वाचावेत, आणि त्यातला कोणता भाग बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीच्या साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत स्वतः करून पाहता येतो, ते येथे सांगितले आहे. एसएसएलसीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे पीयू आणि बीएस्सीला जीवशास्त्र घेतलेले विद्यार्थी आणि त्यांची प्रात्यक्षिके घेणारे शिक्षक असा वाचक गृहीत धरला आहे.

महाविषाणू म्हणजे काय, हे थोडक्यात सांगून पुढे जाऊ. १९९२ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे न्यूमोनियाच्या साथीचा शोध घेताना एका शीतन-मनोऱ्याच्या पाण्यातील अमिबांमध्ये एक गोलसर कण सापडला. ग्रॅम-रंगद्रव्य तो धरून ठेवत असे आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही असे, त्यामुळे तो जिवाणू समजून बाजूला ठेवण्यात आला. तो विषाणू असल्याचे फ्रान्समधील मार्सेच्या संशोधकांनी २००३ मध्ये जाहीर केले आणि त्याला मिमिव्हायरस हे नाव मिळाले. बाहेरच्या तंतूंसह त्याचा व्यास सुमारे ०.७५ मायक्रोमीटर आहे आणि त्याचा जनुकसंच जवळपास १२ लाख बेसजोड्यांचा आहे. इतका मोठा विषाणू इतकी वर्षे दृष्टीआड राहण्याचे एक कारण अगदी साधे आहे. विषाणू वेगळे करण्यासाठी पाणी ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळण्याची पद्धत होती; खाली उतरेल तो विषाणू, असे मानले जाई, आणि हा विषाणू गाळणीच्या वरच अडकत असे.

शीतन-मनोऱ्यांचे कोमट, हवा खेळणारे, जिवाणूंचा पातळ थर धरलेले पाणी अमिबांना मानवते. उद्यमबागेतील फाउंड्र्या आणि आपल्या भागातील साखर कारखाने यांच्याकडेही असे थंड करून पुन्हा वापरले जाणारे पाणी असतेच. त्यात महाविषाणू आहेत असे तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही, परंतु प्रश्न विचारायला जागा आहे. कारण मुंबईतील सांडपाणी, तलाव आणि नळाचे पाणी यांतून आयआयटी मुंबईच्या गटाने असे अनेक विषाणू वेगळे केलेले आहेत, आणि त्यांतील काहींना पवई, कुर्ला, वांद्रे ही ओळखीची नावे मिळाली आहेत.

आधी निरोगी पेशी पाहावी

बाधित पेशी ओळखण्याच्या घाईत निरोगी पेशी नीट पाहायची राहून जाते, आणि मग म्हातारा, उपाशी किंवा नुसता घाबरून गोळा झालेला अमिबाही बाधित वाटू लागतो. त्यामुळे पहिला आठवडा केवळ निरोगी अकॅन्थअमिबा (माती-पाण्यात राहणारा, अनेक महाविषाणूंनी बाधित होणारा अमिबा) पाहण्यात घालवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हे काम आपल्याकडे होण्यासारखे आहे.

पोषकद्रव्य न घातलेल्या आगरची प्लेट घ्यावी आणि तिच्यावर उष्णतेने मारलेल्या ई. कोलाय जिवाणूंचा पातळ थर पसरावा. प्लेटच्या मधोमध तळ्याकाठच्या गाळाचे किंवा कुंडीतल्या ओल्या मातीचे दोन-तीन थेंब ठेवावेत. प्लेट २५ ते २८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवल्यास काही दिवसांत अमिबा जिवाणू खात खात मध्यापासून कडेकडे सरकतात आणि त्यांची आघाडी कमी वर्धनाच्या भिंगाखालीही दिसते. आघाडीवरचा आगरचा लहान चौकोन कापून नव्या प्लेटवर उलटा ठेवला की वसाहत अधिक शुद्ध होत जाते.

या कामात तीन पथ्ये कसोशीने पाळावीत. अकॅन्थअमिबामुळे डोळ्याच्या बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने ती काढून, चष्मा लावून आणि हातमोजे घालूनच काम करावे. दुसरे पथ्य तापमानाचे आहे. केरळमधील मेंदूज्वराच्या बातम्यांमुळे नाव झालेला नेग्लेरिया हा अमिबा गोड्या पाण्यातलाच असून तो उष्ण तापमानात जोमाने वाढतो आणि नाकावाटे शरीरात शिरतो. म्हणून प्लेटा ३७ अंशांच्या किंवा त्याहून गरम पेटीत ठेवू नयेत आणि कोणताही नमुना नाकाजवळ नेऊ नये. तिसरे म्हणजे, काम संपल्यावर सर्व प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करूनच टाकाव्यात, कारण अकॅन्थअमिबाचे कोष क्लोरीनला दाद देत नाहीत. हे काम घरच्या स्वयंपाकघरात करण्याचे नाही. विषाणू वेगळा करून वाढवणे हा तर पुढचा टप्पा झाला. त्यासाठी जैवसुरक्षा कपाट, शुद्ध अमिबा-संवर्ध आणि अनुभवी मार्गदर्शक लागतात. महाविद्यालयाने निरोगी बाजू हाताने करावी आणि बाधित बाजू प्रसिद्ध चित्रांतून वाचावी, ही वाटणी मला योग्य वाटते.

सूक्ष्मदर्शकाखाली फिरता अकॅन्थअमिबा साधारण १५ ते ४५ मायक्रोमीटरचा असतो. त्याच्या कडेने काट्यांसारखे बारीक, टोकदार पादाभ बाहेर येतात आणि आत जातात. आत एक मोठे केंद्रक असते व केंद्रकाच्या मधोमध गडद, ठळक केंद्रिका असते. एक पारदर्शक रिक्तिका हळूहळू फुगते, एकदम आकसते आणि थोड्या वेळाने पुन्हा फुगू लागते. पेशी आपल्यात शिरलेले जादा पाणी तिच्यावाटे बाहेर फेकते. खाद्य संपले की हाच अमिबा दुहेरी भिंतीच्या कोषात शिरतो, आणि कोषाची आतली भिंत पुष्कळदा कोनदार, चांदणीसारखी दिसते. पादाभ, केंद्रिका, स्पंदणारी रिक्तिका आणि कोष या चार खुणा वहीत दर दोन तासांनी नोंदवाव्यात. बाधित पेशीची चित्रे पुढे पाहताना यांतली कोणती खूण केव्हा हरवली, हेच शोधायचे असते.

शून्य तास आणि विषाणूंची मात्रा

कोणताही कालक्रम वाचायला घेतला की आधी दोन गोष्टी शोधाव्यात: संशोधकांनी शून्य तास कोणता धरला आहे, आणि प्रत्येक पेशीमागे किती विषाणू टाकले आहेत.

पेशींवर विषाणू टाकल्यावर ते सगळे एकाच क्षणी आत शिरत नाहीत. म्हणून साधारणपणे अर्धा ते एक तास त्यांना पेशींबरोबर ठेवून, न चिकटलेले विषाणू धुऊन काढतात. काहीजण विषाणू टाकल्याचा क्षण शून्य धरतात, तर काहीजण धुतल्याचा. दोन शोधनिबंधांमध्ये ‘चौथा तास’ वेगवेगळा दिसत असेल, तर जीवशास्त्रीय कारण शोधण्याआधी हा तासाभराचा फरक तपासावा.

मात्रेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रत्येक पेशीमागे सरासरी एक विषाणू टाकला, तर प्रत्येक पेशीला एकेक मिळतो असे नाही. योगायोगाच्या नियमानुसार १०० पैकी सुमारे ३७ पेशींना एकही विषाणू लागत नाही, आणि काहींना दोन किंवा तीन लागतात. सरासरी तीन ठेवली तर सुमारे ५ पेशी कोऱ्या राहतात. सरासरी दहा ठेवली तर लाखात चार-पाचच. सर्व पेशी एका लयीत चालाव्यात यासाठी प्रयोगशाळेत मोठी मात्रा वापरतात, पण निसर्गातल्या तळ्यात किंवा समुद्रात अशी मात्रा क्वचितच असते. हा ३७ चा आकडा लक्षात ठेवावा. आलेख वाचताना तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

मिमिव्हायरसचा दिवस

सुरुवातीस वाचायला मिमिव्हायरस आणि अकॅन्थअमिबा ही जोडी सर्वांत सोयीची आहे, कारण तिच्यातील घटना संथ आहेत आणि चित्रे विपुल आहेत.

अमिबा या कणाला अन्न समजून गिळतो. अर्ध्या मायक्रोमीटरहून मोठ्या कणांना गिळण्याची त्याची सवयच विषाणूच्या पथ्यावर पडते. पहिल्या तासाच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक-चित्रात विषाणू पटलाच्या पिशवीत बसलेला दिसतो. त्याच्या कवचाच्या एका शिरोबिंदूवर पाच भुजांची ताऱ्यासारखी शिवण असते, आणि ती उकलली की कवचाखालचे पटल पिशवीच्या पटलाशी मिसळून आतला गाभा पेशीद्रव्यात उतरतो. रिकामी कवचे पिशवीतच पडून राहतात. चित्रात ती शोधली की दार उघडून गेले आहे हे कळते.

यानंतरचे दोन-तीन तास चित्रात जवळजवळ काहीच दिसत नाही. नवशिक्या वाचक येथे पान उलटतो, पण पेशीची सूत्रे बदलतात ती याच काळात. विषाणूने आरएनए बनवणारे स्वतःचे यंत्र कणातच भरून आणलेले असते, त्यामुळे त्याला यजमानाच्या, म्हणजे ज्या पेशीत तो शिरला तिच्या, केंद्रकात जाण्याची गरज पडत नाही. पेशीद्रव्यातच त्याची सुरुवातीची जनुके वाचली जाऊ लागतात, म्हणजे त्यांचे आरएनए बनू लागतात. त्यांतील पुष्कळ जनुकांच्या आधी ‘एएएएटीटीजीए’ अशी आठ अक्षरांची एकच खूण असते. याच काळात अमिबाची सुटकेची वाटही बंद होते. कोषात जाण्यासाठी लागणाऱ्या एका प्रथिनविघटक विकराचे जनुक बाधित पेशीत दाबले जाते, म्हणून एकदा पकडला गेलेला अमिबा सहसा कोष बांधू शकत नाही. मात्र आधीच पक्क्या कोषात असलेल्या अमिबाला विषाणू शिवू शकत नाही. चित्रात काही दिसत नसेल तेव्हा आरएनएचा तक्ता उघडावा, हा या टप्प्याचा धडा आहे.

चौथ्या-पाचव्या तासाला डीएनए रंगवणाऱ्या डॅपी या रंगद्रव्याने पेशी पाहिली, तर केंद्रकाशिवाय आणखी एक चमकता ठिपका दिसतो. हाच विषाणूचा कारखाना. पुढच्या काही तासांत तो केंद्रकाच्या तोडीचा किंवा त्याहून मोठा होतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा मध्य गडद आणि दाट दिसतो, रायबोसोम व इतर अंगके तेथून बाहेर ढकललेली असतात, आणि कडेने अर्धवट बांधलेली कवचे रांगेने उभी असतात. आतल्या बाजूचे कवच अपुरे, त्याच्यापलीकडचे पूर्ण पण रिकामे, त्याहून बाहेरचे डीएनएने भरलेले आणि सर्वांत बाहेरचे तंतूंचे केस आलेले, अशी प्रगती एकाच चित्रात आतून बाहेर वाचता येते. कवचात डीएनए भरला जातो तो ताऱ्यासारख्या शिवणीतून नव्हे, तर दुसऱ्या बाजूच्या एका तात्पुरत्या छिद्रातून. आतील पटलाचा कच्चा माल यजमानाच्या अंतर्द्रव्यजालिकेकडून येतो. म्हणजे पेशीच्या स्वतःच्या पटलांची मोडतोड होऊन ती विषाणूच्या अंगावर चढत असतात.

आठव्या तासाच्या आसपास साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही फरक जाणवतो. पादाभ आखडतात, पेशी गोल होते आणि काचेचा तळ सोडते. बाराव्या तासापर्यंत पेशीद्रव्य कणांनी भरून जाते, आणि त्यानंतर काही तासांत ती फुटून शेकडो विषाणू बाहेर पडतात. केंद्रक मात्र बराच काळ जागेवर असते. मला ही गोष्ट सर्वांत बोधक वाटते: ज्या पेशीचे केंद्रक शाबूत दिसते, तिची सत्ता केव्हाच गेलेली असू शकते.

हे वर्णन सर्व महाविषाणूंना लागू करू नये. पँडोराव्हायरसच्या संसर्गात केंद्रकाची रचनाच विस्कटते. मार्सेलव्हायरसच्या कुळातले विषाणू पेशीद्रव्यात कारखाना मांडतात, पण स्वतःचे आरएनए यंत्र बरोबर आणत नाहीत. पहिल्या तासाभरात यजमानाच्या केंद्रकातील प्रथिने काही काळ कारखान्याकडे ओढली जातात आणि मग केंद्रक पुन्हा पूर्ववत दिसू लागते. ब्राझीलमध्ये सापडलेला आणि २०१८ मध्ये वर्णिलेला टुपानव्हायरस आणखी वेगळ्या रीतीने वागतो. त्याने बाधलेले अमिबा एकमेकांना चिकटून घोस तयार करतात आणि निरोगी अमिबांनाही त्यात ओढतात, त्यामुळे नव्या विषाणूंना पुढचा यजमान शेजारीच मिळतो. जपानमधील गरम पाण्याच्या झऱ्यातून मिळालेल्या मेडुसाव्हायरसच्या संसर्गात तर काही अमिबा उलट कोषात जातात. म्हणून ‘महाविषाणू पेशीत असे करतो’ असे सरसकट वाक्य दिसले, की कोणता विषाणू आणि कोणता यजमान हे लगेच विचारावे.

जेथे मिनिटे मोजावी लागतात

क्लोरेला या हिरव्या शैवालावर वाढणारा पीबीसीव्ही-१ हा विषाणू आकाराने मिमिव्हायरसपेक्षा पुष्कळ लहान आहे. त्याचा जनुकसंच सुमारे ३ लाख ३० हजार बेसजोड्यांचा आहे. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात जेम्स व्हॅन एटन यांच्या गटाने त्याचा अनेक दशके अभ्यास केला, त्यामुळे त्याचे वेळापत्रक मिनिटांच्या हिशोबाने ठाऊक आहे.

हा विषाणू गिळला जात नाही. तो पेशीभित्तिकेला चिकटतो, चिकटलेल्या जागी ती विरघळवतो आणि रिकामे कवच बाहेरच ठेवून डीएनए आत सोडतो. त्याच वेळी पेशीपटलाचा विद्युत्-भार ढासळतो, आणि यामागे विषाणूने आणलेली पोटॅशियमची वाहिनी असावी असे मानले जाते. त्याचा फायदा असा की दुसऱ्या विषाणूला त्याच पेशीत शिरणे अवघड होते. पहिल्या पाच-दहा मिनिटांत यजमानाचा डीएनए तुटू लागतो आणि विषाणूची पहिली जनुके वाचली जातात. तासा-दीड तासात विषाणूच्या डीएनएच्या प्रती निघू लागतात, दोन-तीन तासांत कण बांधले जातात, आणि सहा ते आठ तासांत पेशी फुटून सुमारे हजार कण बाहेर येतात. त्यांतील बहुतेक पुढे संसर्ग करण्यास समर्थ नसतात; कणांची संख्या आणि समर्थ विषाणूंची संख्या या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, आणि तक्त्यात कोणती दिली आहे ते पाहावे लागते. या कुळातील काही विषाणू तर बाधित शैवालाच्या बाहेरच्या अंगावर हायलुरोननचा थर चढवतात, म्हणजे प्राण्यांच्या सांध्यांत आणि त्वचेत आढळणारा पदार्थ एका वनस्पतीसारख्या पेशीच्या पृष्ठभागावर उगवतो.

अशा जोडीत दर दोन तासांनी नमुने घेतलेला प्रयोग अपुरा ठरतो, कारण पहिला नमुना घेईपर्यंत अर्धे नाटक उरकलेले असते. नमुन्यांचे अंतर विषाणूच्या वेगाला साजेसे आहे का, हे तपासणे निष्कर्ष वाचण्याआधीचे काम आहे.

येथे एक स्थानिक गैरसमजही दूर करावा. उन्हाळ्यात आपल्याकडच्या तळ्यांवर हिरवी साय येते, ती पुष्कळदा सायनोबॅक्टेरिया म्हणजे निळ्या-हिरव्या जिवाणूंची असते. महाविषाणू केंद्रक असलेल्या पेशींनाच बाधतात. सायनोबॅक्टेरियांचे विषाणू निराळे. त्यामुळे साय नाहीशी झाली म्हणून महाविषाणूने ती खाल्ली, असा अंदाज बांधण्याआधी सायीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पेशीत केंद्रक आणि हरितलवक वेगवेगळे दिसतात का, ते पाहावे.

आलेख वाचताना

आता आरएनएच्या आलेखांकडे वळू, कारण चुका सर्वांत जास्त तेथेच होतात. एका आलेखात असे दिसते की चौथ्या तासाला विषाणूचे आरएनए एकूण आरएनएच्या ६० टक्के झाले आणि यजमानाचे ४० टक्क्यांवर आले. यावरून यजमानाची जनुके बंद पडली असे म्हणता येते का? वर्गात ४० मुले असताना शेजारच्या गावची ६० मुले आणून बसवली, तर पहिल्या मुलांचा वाटा १०० वरून ४० टक्क्यांवर येतो, आणि त्यांतील एकही मूल घरी गेलेले नसते. वाटा घटणे आणि संख्या घटणे या दोन गोष्टी वेगळ्या करण्यासाठी नमुन्यात ठरावीक मात्रेत परका आरएनए मिसळून त्याच्याशी तुलना करतात, किंवा पेशीमागचा एकूण आरएनए स्वतंत्रपणे मोजतात. शोधनिबंधाच्या पद्धतींच्या भागात यांपैकी काही केल्याचे लिहिले नसेल, तर ‘यजमान बंद पडला’ हे वाक्य आपण तरी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवावे.

दुसरा सापळा सरासरीचा आहे. समजा, पेशीमागे सरासरी एक विषाणू टाकला होता आणि सहाव्या तासाला यजमानाच्या एका जनुकाची पातळी मूळच्या ३७ टक्के उरली. प्रत्येक पेशीत ते जनुक ३७ टक्क्यांवर आले, असा याचा एक अर्थ होतो. ६३ पेशींत ते पूर्ण बंद झाले आणि विषाणू न लागलेल्या ३७ पेशींत जसेच्या तसे राहिले, असाही अर्थ होतो. सर्व पेशी एकत्र वाटून केलेले मोजमाप या दोहोंत भेद करू शकत नाही. एकेका पेशीचा आरएनए वेगळा वाचण्याचे तंत्र येथेच निर्णायक ठरले.

त्याचे उत्तम उदाहरण समुद्री शैवाल एमिलियानिया हक्सलेयी आणि त्याचा विषाणू यांचे आहे. चुनखडीच्या चकत्या अंगावर वागवणारे हे शैवाल समुद्रात इतक्या प्रचंड प्रमाणात फुलते की तो पांढुरका पट्टा उपग्रहातून दिसतो, आणि काही दिवसांत विषाणू तो फुलोरा उतरवतात. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या गटाने एकेका पेशीचे आरएनए वाचले, तेव्हा एकाच भांड्यात, एकाच वेळी, वेगवेगळ्या अवस्थांतील पेशी सापडल्या: काही कोऱ्या, काही नुकत्याच बाधित, काही पूर्णपणे विषाणूच्या ताब्यात. घड्याळाच्या तासांऐवजी पेशीत विषाणूचे किती आणि कोणते आरएनए आहे यावरून पेशींचा क्रम लावला, तेव्हा असे दिसले की केंद्रकातील जनुकांचे वाचन लवकरच थांबते, परंतु हरितलवक आणि तंतुकणिका यांच्या स्वतःच्या जनुकांचे वाचन बरेचसे चालू राहते. विषाणूच्या दृष्टीने यात तर्क आहे. ऊर्जा पुरवणारी अंगके बंद पाडून त्याचे काम होणार नाही.

याच विषाणूने स्फिंगोलिपिड हे मेदद्रव्य बनवण्याच्या मार्गातील अनेक जनुके आपल्याकडे बाळगली आहेत. बाधित पेशीत विषाणूच्या मार्गाने वेगळ्या घडणीचे स्फिंगोलिपिड तयार होतात, ते नव्या कणांच्या पटलात जातात, आणि त्यांचा साठा वाढला की पेशीच्या आत्मनाशाची प्रक्रिया सुरू होते. तरीही एखाद्या विषाणूच्या जनुकसंचात चयापचयाचे जनुक सापडणे आणि ते बाधित पेशीत खरोखर काम करणे यात अंतर आहे. जनुक आहे, त्याचे आरएनए बनते, प्रथिन बनते, आणि त्याचे उत्पादन पेशीत सापडते, या चार पायऱ्यांपैकी किती पुराव्याने चढल्या आहेत ते मोजावे. स्फिंगोलिपिडांच्या बाबतीत चौथ्या पायरीपर्यंत पुरावा आहे. समुद्राच्या पाण्यातून थेट वाचलेल्या जनुकसंचांबाबत बहुतेक वेळा पहिलीच पायरी असते.

तुलनेच्या नमुन्यांकडेही लक्ष द्यावे. शैवालाची जनुके दिवस-रात्रीप्रमाणे चालू-बंद होतात, म्हणून सकाळच्या निरोगी नमुन्याची संध्याकाळच्या बाधित नमुन्याशी तुलना करणे निरर्थक आहे. प्रत्येक घटकेला निरोगी जोडीदार नमुना हवा. त्याशिवाय अतिनील किरणांनी निकामी केलेले विषाणू टाकलेला नमुना असेल, तर नुसता कण गिळल्यामुळे झालेला बदल आणि विषाणूच्या जनुकांमुळे झालेला बदल वेगळे करता येतात.

पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोब

एक पेशी फुटली तरी तिच्या वंशाची गोष्ट संपत नाही. एमिलियानियाच्या दोन गुणसूत्रसंच असलेल्या पेशी विषाणूला बळी पडतात, पण एकच संच असलेल्या, चुन्याच्या चकत्या नसलेल्या पोहणाऱ्या पेशींना तो बाधत नाही. फुलोरा मरत असताना काही वंश या रूपात निसटतो. विषाणूवर उपजीविका करणारे छोटे विषाणूही हिशोबात धरावे लागतात. २००८ मध्ये वर्णिलेला स्पुटनिक हा विषाणू महाविषाणूच्या कारखान्यात वाढतो, आणि त्यामुळे महाविषाणूचे उत्पादन घटते व त्याची कवचे वेडीवाकडी होतात. कॅफेटेरिया नावाच्या समुद्री एकपेशीय जीवात माव्हायरस हा असाच छोटा विषाणू यजमानाच्या जनुकसंचात शिरून गप्प बसतो, आणि महाविषाणूची चाहूल लागताच जागा होतो. ती पेशी तरीही मरते, परंतु तिच्यातून सुटलेले माव्हायरस पुढच्या फेरीत महाविषाणूला रोखतात आणि उरलेली वसाहत वाचते. हे २०१६ मध्ये प्रयोगाने दाखवण्यात आले. अशा ठिकाणी एका पेशीचा कालक्रम वाचून काहीच उमगत नाही. वसाहतीची संख्या अनेक दिवस मोजावी लागते.

विषाणूही बदलत जातो. इतर जिवाणूंची स्पर्धा नसलेल्या शुद्ध अमिबा-संवर्धात मिमिव्हायरस दीडशे वेळा वाढवल्यावर त्याचा जनुकसंच सुमारे १२ लाखांवरून १० लाखांच्या किंचित खाली आला आणि त्याचे तंतूंचे केस गेले. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून प्रयोगशाळेत दीर्घकाळ सांभाळलेल्या विषाणूवरून तळ्यातल्या विषाणूबद्दल बोलताना तो किती वेळा वाढवला गेला आहे, ते विचारात घ्यावे.

सर्वांत लांबच्या काळात विषाणू यजमानाचाच भाग होतो. तपकिरी शैवाल एक्टोकार्पसमध्ये महाविषाणूच्या नात्यातला एक विषाणू जनुकसंचात बसून पेशींबरोबर वाटला जातो आणि कण तयार करतो ते केवळ प्रजननाच्या अंगांत. २०२० मध्ये हिरव्या शैवालांचे जनुकसंच तपासले गेले, तेव्हा काहींमध्ये महाविषाणूंचे मोठे सलग तुकडे सापडले. एखाद्या जातीत तर एकूण जनुकांपैकी जवळपास दहावा हिस्सा त्यांचा होता. पुढे २०२५ मध्ये क्लॅमिडोमोनासच्या एका वाणात सहा लाखांहून अधिक बेसजोड्यांचा संपूर्ण विषाणू जनुकसंचात दडलेला आढळला, आणि तो वेळोवेळी जागा होऊन कण तयार करत असूनही संवर्ध वरवर निरोगी दिसत होता.

असा दावा तपासण्याची रीत ठरलेली आहे. यजमानाच्या डीएनएच्या नमुन्यात विषाणूचे जनुक सापडले, एवढ्याने ते त्याच्या जनुकसंचात बसले आहे असे ठरत नाही, कारण नमुन्याला नुसते विषाणूचे कण चिकटलेले असू शकतात. विषाणूचे जनुक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना यजमानाची जनुके डीएनएच्या एकाच सलग वाचलेल्या धाग्यावर आहेत का, ते पाहावे. लांब धागे वाचणाऱ्या यंत्रांमुळे हे आता सोपे झाले आहे. विषाणूच्या तुकड्यातील वाचनांची खोली, म्हणजे तोच भाग यंत्राने किती वेळा वाचला, ती शेजारच्या यजमान-भागाएवढीच आहे का, तेही पाहावे. ती अनेक पटींनी जास्त असेल, तर तेथे सुटे विषाणूही आहेत, आणि त्या संवर्धातील काही पेशी त्या घटकेला बाधित आहेत की काय हे पाहण्यासाठी पुन्हा डॅपीचा रंग आणि सूक्ष्मदर्शक घेऊन बसावे लागते.